आजार रक्ताचा, मग किडनीची एवढी काळजी का?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसीमिया मेजर आहे. तान्हा होता तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी त्याला नगरला नेऊन रक्त चढवतो. आता त्याच्या मोठ्या बहिणीशी मॅचिंग झालं आहे आणि मुंबईला बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरतं आहे. धोके समजावून सांगताना डॉक्टरांनी किडनीचं नाव तीन-चार वेळा घेतलं. आजार रक्ताचा, बदलायचा बोनमॅरो, मग किडनीचा संबंध येतो कुठे? गावी परत आल्यावर आम्ही नेमकं काय जपायचं? आणि बहिणीच्या किडनीला तर काही होणार नाही ना?
– एक आई, शेवगाव तालुका, जि. अहिल्यानगर

उत्तर : ताई, ट्रान्सप्लांटमध्ये तुमच्या मुलाच्या किडनीला कुणी हातही लावणार नाही. तरी डॉक्टरांनी तिचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं, हे त्यांनी बरोबरच केलं. मूळपेशी म्हणजेच बोनमॅरो प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलांच्या किडनीचं काम अचानक मंदावणं ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे. वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांनी आपापल्या मुलांचे आकडे छापले आहेत. कुठे पाचात एका मुलाला हा त्रास झाला, तर कुठे निम्म्याहून जास्त मुलांना. मूळ आजार वेगळे, औषधं वेगळी आणि किडनी बिघडली असं कधी म्हणायचं त्याची मोजमापंही वेगळी, म्हणून ही तफावत. बहुतेक मुलं यातून सावरतात. डायलिसिसपर्यंत थोडीच जातात, पण त्या थोड्यांचा जीव खरोखर धोक्यात असतो.

कारण समजायला ट्रान्सप्लांटचा क्रम बघायला हवा. बहिणीच्या कमरेच्या हाडातून काढलेला बोनमॅरो मुलाला शिरेतूनच देतात, नेहमी रक्त चढवतात तसाच. ते काही तासांत उरकतं. अवघड भाग त्याच्या आधी आणि नंतर असतो. आधी आठ-दहा दिवस जबर केमो देऊन मुलाचा जुना बोनमॅरो पूर्ण रिकामा करतात. नंतर बहिणीच्या पेशी रुजेपर्यंत पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात. मग ताप येतो, जंतुसंसर्ग होतो, त्यावर अँटिबायोटिक, बुरशीवरची औषधं, विषाणूंवरची औषधं सुरू होतात. अॅमिकासिन, व्हॅन्कोमायसिन, अॅम्फोटेरिसिन ही त्यातली नेहमीची नावं, आणि तिन्ही किडनीला त्रास देणारी. ती टाळावीत म्हटलं तर संसर्गानेच मूल हातचं जाऊ शकतं. त्यामुळे डॉक्टर ती देतात आणि रोज किडनीवर नजर ठेवतात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीपासूनच आहे. इतकी वर्षं चढवलेल्या रक्तातलं लोह त्याच्या यकृतात साठलं असणार. ते काढायला पाण्यात विरघळवून देतात त्या डेफेरासिरॉक्सच्या गोळीनेसुद्धा काही मुलांच्या रक्तात क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ वाढतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. लोहाने थकलेल्या यकृतावर केमोचा मारा झाला की यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका असतो. असं झालं की पोट दुखतं, कावीळ दिसते, एक-दोन दिवसांत वजन किलोभर वाढतं. ते वजन अंगात साचलेल्या पाण्याचं असतं, आणि यकृतामागोमाग किडनीही मंदावते. इटलीतल्या पेझारो शहरात गुइडो लुकारेली यांनी १९८०च्या दशकात थॅलेसीमियाच्या मुलांवर ट्रान्सप्लांटचं मोठं काम केलं. त्यांनी मुलांची वर्गवारी लावली ती यकृत किती सुजलं आहे, त्यात किती व्रण पडले आहेत आणि लोह काढायचं औषध किती नियमित घेतलं आहे यांवर. म्हणून ट्रान्सप्लांट ठरलं की लोह काढायच्या गोळीची हेळसांड करू नका. मुंबईचे डॉक्टर सांगतील तेव्हाच ती बंद करा.

वॉर्डात गेलात की तुम्हाला दिसेल, दिवसातून दोनदा मुलाचं वजन होतं आणि लघवीचा प्रत्येक थेंब खुणा केलेल्या भांड्यात मोजून तक्त्यावर लिहिला जातो. रात्री दोन वाजता झोपेतून उठवून मोजलेली लघवीसुद्धा. हे काम बहुतेक वेळा आईच्याच वाट्याला येतं. कंटाळून अंदाजाने आकडा सांगू नका. पंधरा किलोच्या मुलाला सहा तासांत ४५ मिलिपेक्षा कमी लघवी झाली तर डॉक्टरांसाठी ती धोक्याची पहिली खूण असते. तिथे तुमच्या मोजमापावर सलाईन वाढवायचं की लघवी होण्याचं औषध द्यायचं ते ठरतं.

लघवीच्या रंगाकडेही बघा. सायक्लोफॉस्फामाइड नावाची केमो शरीरात फुटते तेव्हा तिच्यापासून एक दाहक द्रव्य तयार होतं आणि ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला भाजतं. ते टाळायला मेस्ना नावाचं औषध आणि भरपूर सलाईन देतात. तरीही काही आठवड्यांनी बीके नावाचा विषाणू डोकं वर काढू शकतो. हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात निपचित पडून असतो. प्रतिकारशक्ती नसताना तो जागा झाला की लघवी लाल होते, गाठी पडतात, मूल लघवीला जायला रडतं. गाठींनी वाट अडली तर किडनीवर दाब येतो. लाल लघवी दिसली की लाजू नका, थांबू नका, भांडं तसंच ठेवून सिस्टरला दाखवा.

ब्लड कॅन्सरच्या मुलांना कधी कधी पूर्ण शरीराला रेडिएशन द्यावं लागतं आणि त्याचा किडनीवरचा परिणाम महिन्यांनी दिसतो. थॅलेसीमियात ते सहसा देत नाहीत, त्यामुळे ही एक काळजी तुम्ही बाजूला ठेवू शकता.

आता सायक्लोस्पोरिन. काही ठिकाणी त्याच्याऐवजी टॅक्रोलिमस देतात. बहिणीच्या पेशी मुलाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू नयेत म्हणून हे औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालतं. म्हणजे त्याचा मोठा काळ तुम्ही गावी असाल आणि ते तुमच्याच हातून दिलं जाईल. किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक नळ्यांना हे औषध आवळून धरतं. चारीचं तोंड अर्धं झाकलं की शेताला पाणी कमी पोचतं, तसं किडनीला रक्त कमी पोचतं. डोस योग्य असला तर हे आवळणं सोसण्याइतकं असतं. जास्त झाला तर क्रिएटिनिन चढतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम वाढतं, मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं. डोस कमी पडला तर पेशी उलटतात. म्हणून रक्तातली पातळी वारंवार तपासायला सांगतात.

या तपासणीत एक चूक फार सहज होते. रक्त द्यायचं ते सकाळचा डोस देण्याआधी, आदल्या रात्रीच्या डोसानंतर साधारण बारा तासांनी. पण घरी सकाळ झाली की आई सवयीने औषध देते, मग सगळे नगरला निघतात, आणि दहाला रक्त काढलं जातं. पातळी भलतीच जास्त येते आणि त्यावरून डोस कमी केला जाऊ शकतो. तपासणीच्या दिवशी सकाळचं औषध पिशवीत बरोबर घ्या, रक्त काढून झालं की तिथेच द्या, आणि आदल्या रात्री किती वाजता दिलं होतं ते चिठ्ठीवर लिहून द्या.

औषधांचे आपसातले संबंधही बघावे लागतात. फ्लुकोनाझोल, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यामुळे सायक्लोस्पोरिनची पातळी वाढते. पपनसानेही वाढते, तेव्हा या काळात पपनस नकोच. तापावर गावात सर्रास मिळणारं आयबुप्रोफेनचं सिरप, मग ते एकटं असो की पॅरासिटामॉलबरोबर, सायक्लोस्पोरिन चालू असलेल्या मुलाच्या किडनीला दुहेरी मार देतं. जवळच्या दवाखान्यात कुणी जेंटामायसिनचं इंजेक्शन भरायला घेतलं तर आधी हात धरा आणि मुंबईला फोन करा. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलाचा काढा देऊ करणारे नातेवाईक भेटतील. त्यांचं प्रेम खरं असतं. पण आपण औषध देतोय ते प्रतिकारशक्ती ताब्यात ठेवायला, आणि कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या माणसांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आहे. काढा नको.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी वाटते ती लॅबच्या छापील कागदाची. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते, म्हणून किडनी मंदावली की तो रक्तात वाढतो. मुलाच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे त्याचं नेहमीचं क्रिएटिनिनही कमी. समजा मुलाची उंची ११० सेंटीमीटर आहे आणि क्रिएटिनिन ०.४ आहे. लहान मुलांसाठी श्वार्ट्झ यांच्या नावाचं एक सोपं सूत्र वापरतात. सेंटीमीटरमधल्या उंचीला ०.४१३ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. उत्तर येतं ११४च्या आसपास, म्हणजे किडनी उत्तम. महिन्याने क्रिएटिनिन ०.८ आलं तर तेच उत्तर ५७ येतं. किडनीचं निम्मं काम गेलं! पण रिपोर्टवर मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, ०.६ ते १.२. त्या कागदावर चांगलं ०.४ ‘कमी’ म्हणून ठळक अक्षरात येतं आणि धोक्याचं ०.८ ‘नॉर्मल’ म्हणून निमूट निघून जातं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. लहान मुलाचं रक्त तपासताना त्याच्या वयाची मर्यादा छापायला लॅबला कितीसा त्रास पडतो? हा बदल जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबने करावा असं मला मनापासून वाटतं.

तोवर तुम्ही एक वही घाला. ट्रान्सप्लांटच्या आधीचं क्रिएटिनिन पहिल्या पानावर लिहा. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. दोन दिवसांत ०.३ने वाढ झाली किंवा आठवड्याभरात मूळ आकड्याच्या दीडपट झालं तर जगभरचे डॉक्टर त्याला किडनीची तीव्र इजा म्हणतात, मग कागदावर काहीही छापलेलं असो. आजारपणात मूल फार वाळलं असेल तर क्रिएटिनिन खोटा दिलासा देतं. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही वेगळी तपासणी करून घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

बीपीचंही असंच. मोठ्या माणसाला १२०/८० म्हणजे छान. सहा वर्षांच्या मुलाला तोच आकडा जास्त आहे. शिवाय दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा बांधला तर बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. लहान मुलांचा पट्टा असलेलं यंत्र घरी ठेवा. मुंबईहून निघतानाच तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, या आकड्याच्या वर गेलं तर फोन करायचा. या मुलांत बीपी एकदम चढलं तर डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि फिट येऊ शकते. गावात फिट म्हटलं की भलतेच उपाय सुरू होतात. अशा वेळी एका कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

बीपी दोन-दोन औषधांनीही आटोक्यात येत नाही, प्लेटलेट घसरतात, मूल पुन्हा फिकं पडतं, लघवीतून प्रथिनं जातात, हे सगळं एकत्र दिसलं तर डॉक्टर एका वेगळ्या गुंतागुंतीचा विचार करतात. केमो, सायक्लोस्पोरिन आणि संसर्ग यांनी बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, तिथे सूक्ष्म गुठळ्या धरतात आणि त्यातून जाताना तांबड्या पेशी चिरडतात. किडनीत अशा बारीक रक्तवाहिन्या दाट असल्याने पहिला फटका तिला. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तुटक्या पेशींचे तुकडे दिसतात. वेळेवर ओळखलं तर औषधं बदलून आणि नव्या उपचारांनी बऱ्याच मुलांना वाचवता येतं. ओळखायला उशीर झाला तर किडनीचं कायमचं नुकसान होतं. थॅलेसीमियाच्या घरात फिकेपणा नवा नसतो, म्हणून ‘रक्त कमी झालं असेल’ असं म्हणून तो सोडून देण्याचा मोह होतो. ट्रान्सप्लांटनंतर तो सोडायचा नाही.

आणि पाणी. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात एप्रिल-मे कसे जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. टँकरचं असो की जारचं, मुलाचं पाणी खळखळून उकळलेलंच असू द्या. दिवसभरात किती प्यायला हवं तो आकडा डॉक्टरांकडून घ्या आणि बाटलीने मोजून पाजा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. एरवी हगवणीतून दोन दिवसांत उठणारं मूल सायक्लोस्पोरिनवर असेल तर त्याची किडनी एका रात्रीत मंदावू शकते. ताप आला तरी त्याच दिवशी निघायचं. शेवगावहून नगर गाठायला वेळ लागतो आणि पुणे तिथून आणखी १२० किलोमीटर. म्हणून आधीच नगरमधले एक बालरोगतज्ज्ञ ठरवा, त्यांना सगळी फाईल दाखवा, मुंबईच्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं घडवून आणा. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, नगरला जिल्हा रुग्णालय आहे. रात्री अपरात्री कुठे जायचं ते संकटाआधी ठरलेलं असलं की अर्धी धावपळ वाचते.

एवढं वाचून ट्रान्सप्लांटच नको असं मनात आलं असेल तर थांबा. आयुष्यभर रक्त आणि लोहाचा मारा हासुद्धा हृदय, यकृत आणि किडनी यांना झिजवतोच. सख्ख्या भावंडाचं पूर्ण मॅचिंग असलेल्या लहान मुलाला ट्रान्सप्लांटचा सर्वांत चांगला फायदा होतो. आपल्या राज्याला याचा अनुभवही मोठा आहे. देशातला पहिला यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट मार्च १९८३मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने केला. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि बोनमॅरो होता तिच्या भावंडाचा. आज मुंबई महापालिकेचं बोरिवलीतलं केंद्र खास थॅलेसीमियाच्या मुलांसाठी हे काम करतं. खर्चासाठी कोल इंडियाची ‘थॅलेसीमिया बाल सेवा योजना’ २०१७पासून आहे, तिच्यात ट्रान्सप्लांटला १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. केंद्रातल्या समाजसेवकांकडे तिची चौकशी जरूर करा.

पहिलं वर्ष सुखरूप गेलं, सायक्लोस्पोरिन बंद झालं, तरी वही बंद करू नका. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दर वर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासायची. काही मुलांत किडनी वर्षानुवर्षं हळूहळू झिजते आणि मूल मात्र शाळेत पळत असतं. तो मोठा होऊन नोकरीसाठी पुण्याला गेला तरी नव्या डॉक्टरांना त्याने स्वतःहून सांगायला हवं, माझा लहानपणी ट्रान्सप्लांट झाला आहे.

किडनी आणि बोनमॅरो यांचं नातं वैद्यकाच्या इतिहासातही आहे. १९५४मध्ये किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण करणारे जोसेफ मरे आणि बोनमॅरो प्रत्यारोपणाचा पाया घालणारे डॉनल थॉमस यांना १९९०चं नोबेल एकत्र मिळालं. थॉमस यांच्याच सिअ‍ॅटलच्या पथकाने १९८१मध्ये थॅलेसीमियाच्या मुलावर जगातला पहिला ट्रान्सप्लांट केला. पुढे २०२२मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तीन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना आधी आई किंवा वडिलांच्या मूळपेशी दिल्या आणि नंतर त्याच पालकाची किडनी. प्रतिकारशक्तीच त्या पालकाची झालेली असल्याने शरीराने ती किडनी आपली मानली आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं पुढे बंद करता आली.

बहिणीचं विचारलंत, ते वाचून बरं वाटलं. या गडबडीत देणारं मूल बऱ्याचदा विसरलं जातं. तिला केमो नाही, सायक्लोस्पोरिन नाही, त्यामुळे तिच्या किडनीला या प्रक्रियेतून इजा होण्याचं कारण नाही. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने बोनमॅरो काढतात. त्याचं प्रमाण मुलाच्या वजनावर आणि तिच्या स्वतःच्या अंगकाठीवर ठरतं. थोडे दिवस कंबर दुखेल, हिमोग्लोबिन थोडं उतरेल. ती थॅलेसीमिया मायनर असली तरी देऊ शकते, पण मग लोहाची गोळी द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. काढलेला बोनमॅरो काही आठवड्यांत भरून येतो. तिला काय होणार आहे ते तिच्या वयाला समजेल असं आधी सांगा, भुलीत जाताना तुमच्यापैकी एकजण तिच्याजवळ असा, आणि तिची शाळा बुडणार असेल तर बाईंना आत्ताच कळवून ठेवा.